नापासराव आणि उड्या मारणारं भिंग

त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत त्यांना सगळे नापासराव म्हणत, कारण त्यांच्या हातून आजवर कुणी पास झालं नव्हतं. नवी लिफ्ट बसली की नापासराव आत उभे राहत, वरपासून खालपर्यंत एक फेरी मारत आणि बाहेर येऊन म्हणत, "चालते. पण चालणं हा काही गुण नाही, ते तिचं कामच आहे." चहा आला तर पाणचट, खुर्ची दिली तर डुगडुगती. दुसऱ्याने घट्ट केलेला स्क्रू स्वतः एकदा पिळून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तो अर्धा आटा जरी फिरला, तरी दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला असे.

माणूस कामाला वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे सांगायला फारशी संधी मिळणार नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याचं. लिफ्ट नाही. खोल्या तीन. त्यातली मधली मुलीची होती. ती लग्न होऊन दूर गेली आणि त्या खोलीत तिच्या आईचं कामाचं टेबल आलं. नापासरावांची बायको मुद्रितशोधक होती. छापायला जाणारं पुस्तक छापण्याआधी ओळ न ओळ वाचायचं, चुका शोधायच्या, खुणा करायच्या आणि कुणाला आपलं नावही कळू द्यायचं नाही, असं ते काम. सव्वीस वर्षं ती ते करत होती. म्हणजे घरात चुका शोधणारी माणसं दोन होती. फरक एवढाच, की ती चूक सापडली की दुरुस्त करून पुढे जाई आणि हे तिथेच मांडी घालून बसत.

नऊ वर्षांपूर्वी नापासरावांनी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही कार्यप्रणाली घातली आणि तिच्यावर एक फुकट मिळणारं डेस्कटॉप. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावर दिसतो तो सगळा संसार: खिडक्या, खालची पट्टी, मेनू, कोपऱ्यातलं घड्याळ. हे डेस्कटॉप कुणा कंपनीचं नव्हतं. जगभरातली शे-दोनशे माणसं आपापली नोकरी सांभाळून ते बांधत, त्यातले बिघाड काढत आणि ज्याला हवं त्याला घेऊन जाऊ देत. एखाद्याला अशा माणसांचे आभार मानावेसे वाटले असते. नापासरावांना नावं ठेवायला हक्काची जागा मिळाली.

दर चार-सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येई आणि तिच्याबरोबर सुधारणा आणि दुरुस्त्यांची लांबलचक यादी. ती यादी म्हणजे नापासरावांची मेजवानी. रविवारी सकाळी आंघोळ करून, केस चापून, ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसत आणि बायकोला एकेक ओळ वाचून दाखवत.

"ऐक. खिडक्यांचे कोपरे आता जास्त गोल. वा! जगाचं अडलंच होतं. फाइल कॉपी होताना उरलेली वेळ आता अचूक दिसते. म्हणजे इतके दिवस थापा मारत होते, हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं बघ. दुसरा पडदा जोडल्यावर भिंतीवरचं चित्र काळं पडत होतं, ते थांबवलं. कुणाकडे आहेत दोन दोन पडदे? घड्याळावर टिचकी मारली की महिना उघडायला लागणारा वेळ निम्मा केला. निम्मा! अर्धा सेकंद वाचला, चला, त्यात एखादी भाषा शिकून घेऊ."

"काहीतरी चांगलं केलं असेल की," ती म्हणे.

"अगं, केलंय म्हणून तर एवढी यादी. पण मोठी यादी म्हणजे मोठ्या चुका. ज्याचं घर स्वच्छ असतं तो रोज झाडू दाखवत फिरत नाही."

या वाक्यावर ते स्वतःच खूश होत. स्वतःच्या वाक्यांच्या बाबतीत नापासरावांचा निकाल नेहमी शंभर टक्के लागे.

आता मुद्द्याची गोष्ट. चार वर्षांपूर्वी बायकोची नजर उतरायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा मधला भाग झिजलाय, कडेचं दिसत राहील, समोरचं अंधुक होत जाईल आणि चष्म्याने भागणार नाही. अक्षरं मोठी करून वाचायची, एवढाच उपाय. डेस्कटॉपमध्ये त्यासाठी भिंग होतं. एक बटण दाबलं की पडद्याचा एक तुकडा सहापट मोठा होऊन समोर येई, एका वेळी जेमतेम तीन शब्द. त्या तीन शब्दांच्या खिडकीतून ती तीनतीनशे पानं वाचत असे. कुरकुर नाही.

भिंग पहिल्यांदा बिघडलं त्याला तीन वर्षं झाली. पानावर ती खूण टाइप करायला लागली, की भिंग माउसच्या बाणापाशी ठिय्या मारून बसे आणि टाइप होणारं अक्षर दिसतच नसे. नापासरावांनी तेव्हा एक ठिगळ लावलं होतं. दहाबारा ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटर सुरू झाला की तो गुपचूप सुरू होई आणि दर अर्ध्या सेकंदाला भिंगाला कान धरून टाइप होणाऱ्या जागी आणून उभा करी. थोडे धक्के बसत, पण काम चाले. बायकोने त्या दिवशी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांनी ते महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं.

नंतर नवी आवृत्ती आली. तिच्या यादीत लिहिलं होतं की भिंग आता टाइप होणाऱ्या जागेमागे आपोआप जातं. नापासरावांनी ती घातली आणि भिंग उड्या मारायला लागलं. ती एक अक्षर टाइप करी, भिंग पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे, मग भलत्याच ओळीवर जाऊन पडे. ती ओळ पुन्हा शोधायची, शब्द पुन्हा शोधायचा, खूण टाकायची, पुन्हा उडी.

"खोटारडे लेकाचे," नापासराव म्हणाले. "दुरुस्त केलं म्हणतात आणि होतं ते मोडून ठेवलं."

त्यानंतर चार आवृत्त्या आल्या. प्रत्येक वेळी नापासराव नवं सगळं घालत आणि आपलं जुनं घर, म्हणजे नऊ वर्षांच्या सेटिंगांचा तो फोल्डर, जसाच्या तसा उचलून नव्यात ठेवत. त्या फोल्डरचा त्यांना कोण अभिमान! रंग, बटणं, शॉर्टकट, सगळं त्यांच्या हातचं. त्यातलं एक अक्षर हललेलं त्यांना खपत नसे. भिंग चारही वेळा उड्या मारत राहिलं आणि नापासराव चारही वेळा त्या शे-दोनशे माणसांच्या नावाने खडे फोडत राहिले.

पंधरा मिनिटांच्या पानाला तिला चाळीस मिनिटं लागायला लागली. कादंबऱ्या तिने परत पाठवल्या, मग शाळेची पुस्तकंही कमी केली. प्रकाशनातल्या संपादक बाईंशी तिचं वीस वर्षांचं नातं. एके दिवशी त्यांचा फोन आला.

"रागावू नका, पण मागच्या पुस्तकात एकतीस चुका राहिल्या," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातून! मी दोनदा मोजल्या."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता प्रथमोपचाराचं पुस्तक पाठवतेय. औषधांच्या मात्रा आहेत त्यात. दशांशचिन्ह इकडचं तिकडे झालं तर माणूस जायचा. तुमचं काय मत? घेता, की दुसऱ्या कुणाला देऊ?"

"घेते," ती म्हणाली. "हे नीट झालं नाही, तर मीच थांबते. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पाच आठवडे आहेत. तेवढं ते भिंग सरळ चालायला हवं. नाहीतर माझं काम संपलं."

नापासराव घाबरले. हे खरं आहे. बायकोवर त्यांचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. फक्त घाबरले की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटे, आणि तो नेहमी दूरच्या माणसावर सुटे.

योगायोगाने त्याच आठवड्यात नवी आवृत्ती आली. यादीत चक्क भिंगाची ओळ होती. भिंगाची हालचाल आणखी गुळगुळीत केली आहे, कडेला गेल्यावर बसणारा झटका काढला आहे.

"आणखी म्हणे! आधी गुळगुळीत होती म्हणायची!" नापासरावांनी टेबलावर हात आपटला. तरी घातली. जुनं घर उचलून आत ठेवलं. तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "कर टाइप."

तिने एक अक्षर टाइप केलं. भिंगाने तीन उड्या मारल्या.

त्या क्षणी नापासरावांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगायला लाज वाटते. दुःख होतंच, पण त्याच्या बाजूला बसून आनंद पाय हलवत होता. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" असं ते म्हणाले. तिला त्यांचा चेहरा दिसला नाही, समोरचं अंधुक दिसत होतं म्हणून. आवाज मात्र तिने ऐकला.

मग त्यांनी तक्रार लिहिली. डेस्कटॉपवाल्यांच्या जाहीर पानावर, सगळ्या जगाला वाचता येईल अशी. दोन वर्षं झोपा काढता का, असं विचारलं. अधू नजरेच्या माणसांची थट्टा चालवली आहे, असं लिहिलं. कोपरे गोल करायला वेळ आहे आणि भिंगाला नाही, असा टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. जगाच्या कुठल्या टोकाला बसलेल्या, कधी न पाहिलेल्या एका माणसाने लिहिलं होतं: तुमच्या पत्नीला त्रास होतोय याचं वाईट वाटतं. माझ्याकडे असं होत नाही. एक नवं वापरकर्ता खातं उघडून त्यात करून बघाल का? कधी कधी जुन्या सेटिंगांमुळे असं होतं.

नापासरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला सांगतो! नवं खातं उघडा म्हणे. मी काय काल कॉम्प्युटर आणलाय? यांची ही जुनी खोड आहे. स्वतःला काही सापडलं नाही की तुमचंच काहीतरी चुकलं असेल." आणि त्यांनी उलट टपाली ठोकून दिलं: मी लिफ्टचा माणूस आहे. लिफ्ट अडकली तर आम्ही लोकांना नवी इमारत बांधायला सांगत नाही.

हे वाक्य त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण त्यांनी सांगितलं ते करून बघितलं का?"

"अगं, प्रश्न तो नाही."

"मग कोणता आहे?"

"त्यांना धडा शिकवण्याचा आहे."

"बाकीच्या लोकांचं भिंग उड्या मारतं का हो? एवढे लोक वापरतात. कुणी काही लिहिलंय?"

"लोक मुकाट सोसतात. माझ्यासारखा एखादाच बोलतो."

पाचांपैकी दोन आठवडे संपले होते आणि पुस्तकाची एकूण साठ पानं झाली होती. नापासराव रोज संध्याकाळी येऊन उत्तर आलं का बघत. उत्तर नव्हतं. त्या माणसाने मूग गिळले म्हणून ते विजयी मुद्रेने हातपाय धुवायला जात.

एका गुरुवारी कामाच्या इमारतीतली वीज गेली आणि नापासराव दुपारी बाराला घरी परत आले. दार स्वतःच्या किल्लीने उघडलं. मधल्या खोलीतून एरवी माउसची टकटक आणि अधूनमधून सुस्कारे ऐकू येत. आज फक्त टाइप केल्याचा आवाज येत होता, सलग. ते दारात जाऊन उभे राहिले. पडद्यावर तळहाताएवढी अक्षरं डावीकडून उजवीकडे शांतपणे सरकत होती. ती टाइप करत होती आणि भिंग तिच्या बोटांबरोबर चालत होतं. धक्का नाही, उडी नाही.

नापासरावांची छाती फुगली. "केलं ना शेवटी! बघितलंस? चार शब्द सुनावल्याशिवाय या लोकांचे हात हलत नाहीत. माझ्या त्या लिफ्टच्या वाक्याने काम केलं!"

तिने टाइप करणं थांबवलं नाही. ओळ पूर्ण केली, खूण टाकली आणि मग म्हणाली, "हे नवं खातं आहे. सोमवारी उघडलं मी."

"तू?"

"त्या माणसाने पुढे कसं उघडायचं तेही लिहिलं होतं. तुम्ही वरची ओळ वाचून रागावलात, खालच्या वाचल्याच नाहीत. पासवर्ड मला माहीत होता. अख्खी सकाळ गेली, भिंग उड्या मारत होतं ना. पण झालं. सोमवारपासून नव्वद पानं झाली."

नापासराव स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले आणि आपल्या खात्यात शिरले. एक अक्षर टाइप केलं. तीन उड्या. पुन्हा तिच्या खात्यात. गुळगुळीत. मग त्यांनी आपल्या लाडक्या फोल्डरमधली एकेक वस्तू बाजूला काढून बघायला सुरुवात केली. रंग काढले, उडी. शॉर्टकट काढले, उडी. अर्ध्या तासाने ते दहाबारा ओळींचं ठिगळ काढलं आणि भिंग निमूटपणे चालायला लागलं.

डेस्कटॉपवाल्यांनी आपली चूक केव्हाच सुधारली होती. भिंग स्वतःच्या पायाने योग्य जागी जात होतं, आणि नापासरावांचं ठिगळ दर अर्ध्या सेकंदाला त्याचा कान धरून त्याला ओढत होतं. दोघांच्या ओढाताणीत मधे तिचे डोळे होते.

लिफ्टच्या धंद्यात दाराच्या कुलपाची चाचणी घेताना एक आखूड तार जोडून कुलूप तात्पुरतं फसवतात. दार उघडं असलं तरी लिफ्टला वाटतं बंद आहे. काम झालं की ती तार काढायचीच. विसरली तर कुणीतरी रिकाम्या खड्ड्यात पाय टाकतं. अशी विसरलेली तार सापडली म्हणून नापासरावांनी दोन माणसांना कामावरून घालवायला लावलं होतं आणि त्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नव्हता. आता ते पडद्याकडे बघत बसले. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, आणि मारणारा कुणी दुसरा नव्हता, हे त्यात सगळ्यात वाईट.

"माझंच होतं," ते म्हणाले.

"ते कळलं मला. कधीपासून?"

त्यांनी जुन्या याद्या उघडल्या. तारीख शोधली. "दोन वर्षं. आणि एक महिना."

तिने हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. "मला वाटत होतं माझे डोळे गेले," ती म्हणाली. "दोन वर्षं मी रोज सकाळी उठून तेच म्हणत होते. कादंबऱ्या सोडल्या. शाळेची पुस्तकं सोडली. त्या एकतीस चुकांनंतर तर मी आठ दिवस नीट जेवले नाही. माझे डोळे एवढे गेले नव्हते हो."

नापासरावांना रडू आलं. ते चांगलं रडले, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत. तिने त्यांना रडू दिलं. समजूत काढली नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या माणसाला लिहा."

"लिहितो. उद्या."

"आत्ता."

त्यांनी लिहायला घेतलं. दुपारचे तीन वाजले. पानभर मजकूर झाला. तो ती आपल्या भिंगाखाली घेऊन बसली, नेहमीसारखी, खालचा ओठ दातात धरून. पहिल्या परिच्छेदात नापासरावांनी त्या काळच्या आवृत्तीत बिघाड कसा होता ते सविस्तर सांगितलं होतं. तिने तो काढला.

"अगं, पण ती वस्तुस्थिती आहे."

"असेल. इथे तिचं काम नाही."

दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की असा प्रोग्रॅम सापडल्यास डेस्कटॉपने स्वतःहून इशारा द्यायला हवा होता. तिने तोही काढला. 'कदाचित' काढलं. 'काही अंशी' काढलं. 'आपण सर्वच जण' यातलं 'सर्वच' आणि 'जण' काढून 'आपण'च्या जागी 'मी' लिहिलं. सव्वीस वर्षांत तिने असा कोरडा हात फार थोड्या लेखकांवर चालवला असेल. पान संपलं तेव्हा दोनच वाक्यं उरली होती: बिघाड माझ्या फाइलीत होता. तुमची दुरुस्ती दोन वर्षांपासून चालते आहे, आणि मी तुम्हाला जे बोललो ते परत घेतो.

नापासरावांनी ती वाचली. मान खाली घातली. पाठवायला हात पुढे केला, तेवढ्यात तिने त्यांचा हात बाजूला सारला आणि खाली आपल्या बोटांनी आणखी एक ओळ टाइप केली. भिंग अक्षरामागून अक्षर तिच्याबरोबर गेलं.

मी त्यांची पत्नी. तुमची दुरुस्ती जगात सगळ्यांकडे वेळेवर पोचली, फक्त आमच्या घरात पोचली नाही.

नापासरावांनी ती ओळ वाचली आणि चाचरत म्हणाले, "एवढी ओळ काढली तर?"

तिने भिंग सुरुवातीला नेलं आणि ओळ पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत पुन्हा एकदा वाचली.

"नाही," ती म्हणाली. "हिच्यात चूक नाही."

आणि तिने ते पाठवून दिलं.